वाचकांचे प्रश्न : शिडाच्या बोटीतला हिवाळा

या अंकासाठी आलेले बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरणारे आहेत. परदेशात शिकणारी, नोकरी करणारी मुलं भाडं परवडत नाही म्हणून जुन्या पंचवीस-सत्तावीस फुटी शिडाच्या बोटीत राहू लागली आहेत, आणि तिथे आता ऐन हिवाळा आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. शेवटचा प्रश्न आपल्या पानशेतचा आहे.

प्रश्न : माझी मुलगी साऊदॅम्पटनला शिकते. सप्टेंबरपासून ती मरिनात (बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यात) बांधलेल्या २६ फुटी फायबरच्या बोटीत एकटी राहते. धक्क्यावरून वीज घेतलेली आहे आणि पंख्याचा छोटा हीटर रात्रभर चालू असतो. गार वारा येऊ नये म्हणून तिने सगळ्या फटी टेप लावून बंद केल्यात. तरी सकाळी छतातून पाणी ठिबकतं, पांघरूण ओलसर लागतं, गादीखाली काळे डाग पडलेत. बोट गळते आहे का? आणखी मोठा हीटर घ्यायला सांगू का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : गळती ओळखायची सोपी खूण अशी : पाऊस नसलेल्या रात्रीही छत ठिबकत असेल, तर ती गळती नव्हे. तुमच्या वर्णनावरून हे पाणी मुलीच्याच श्वासाचं आणि स्वयंपाकाच्या वाफेचं आहे.

झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आठ तासांचे झाले ३२० ग्रॅम. एवढ्या बोटीच्या केबिनमध्ये जेमतेम १५ घनमीटर हवा मावते, आणि १८ अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त १५.४ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे अगदी कोरड्या केबिनमध्ये ती झोपली, तरी पहाटेपर्यंत सगळी हवा वाफेने भरून वर नव्वद ग्रॅम पाणी उरतं. फटी बंद असतील तर ते जाणार कुठे? जिथे गार जागा मिळेल तिथे बसतं. आधी हॅचच्या (छतातल्या झाकणवजा खिडकीच्या) अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर, मग खिडक्यांवर, मग छताच्या उघड्या फायबरवर, आणि शेवटी गादी जिथे बोटीच्या भिंतीला टेकते तिथे. १८ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो) १० अंशांच्या आसपास असतो. बाहेर दोन-तीन अंश असताना बिनअस्तराचं छत त्याहून गार राहणारच.

तेव्हा आज रात्रीच फोन करून टेप काढायला सांगा. आपल्याला पुण्यात सवय पावसाळ्याची. खिडकी उघडली की दमट हवा आत येते, म्हणून आपण दारं लावून घेतो. तिथल्या हिवाळ्यात हा हिशोब उलटा होतो. बाहेरची ५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची, अंगाला अगदी ओली वाटणारी हवा प्रत्यक्षात घनमीटरला सहाच ग्रॅम पाणी घेऊन येते. आत येऊन ती १८ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांवर उतरते आणि ती केबिनमधली ओल शोषून बाहेर नेते. एका माणसासाठी केबिनची हवा तासातून साधारण एकदा बदलली तरी भागतं. त्यात वाया जाणारी उष्णता किती? तासाला १३ घनमीटर हवा १३ अंशांनी तापवायची, म्हणजे साठ वॅटच्याही आत, एका जुन्या पिवळ्या बल्बइतकी. एवढी उष्णता वाचवण्यासाठी टेप लावणं फार महागात पडतं.

हवेला दोन वाटा लागतात, एक पुढे आणि एक मागे. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, हॅच दोन सेंटिमीटर उघडी ठेवून अडकवायची आणि मागच्या दाराच्या सगळ्यांत वरच्या फळीत झडप किंवा जाळी ठेवायची. एकच वाट उघडी ठेवली तर हवा हलत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रांधताना शेगडीवरची हॅच पूर्ण उघडायची आणि भांड्यावर झाकण हवंच. धुतलेले कपडे आत वाळत घालायचे नाहीत. पिळलेल्या कपड्यांच्या एका घाण्यातून लिटर-दीड लिटर पाणी सहज हवेत जातं. बहुतेक मरिनांत कपडे वाळवायचं यंत्र असतं, ते वापरावं. भिजलेला रेनकोट कॉकपिटमध्येच, म्हणजे केबिनबाहेरच्या उघड्या बैठकीतच, टांगायचा.

दुसरं काम अस्तराचं. एका पदराच्या फायबरमधून चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला साधारण ५ वॅट उष्णता बाहेर जाते. केबिनचा सगळा आतला पृष्ठभाग ३० चौरस मीटर आणि आत-बाहेर १३ अंशांचा फरक धरला तर जवळजवळ दोन किलोवॅट नुसते उडून जातात. तेच फायबर १२ मिलिमीटर जाडीच्या बंद पेशींच्या रबरी फोमने झाकलं की गळती सातशे-साडेसातशे वॅटवर येते. एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर जो काळा मऊ फोम असतो, तोच पाठीला गोंद लावलेल्या पत्र्यांच्या रूपात मिळतो. गाद्यांतला स्पंज चालणार नाही, कारण त्याच्या पेशी उघड्या असतात. तो पाणी पितो आणि मागे बुरशी धरतो. लावण्याआधी फायबर साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचं, मग स्पिरिटने पुसायचं. ओलसर पृष्ठभागावर गोंद धरत नाही आणि सुटलेल्या फोममागे पुन्हा दव साचतं. हे काम भर थंडीत उरकायचं तर केबिन दिवसभर तापवून, दारं उघडी ठेवून, एकेक कप्पा घ्यावा. सुरुवात छतापासून करावी. पाण्याखालच्या भागाची घाई नाही, कारण समुद्राचं पाणी तिथे हिवाळ्यातही सात-आठ अंशांच्या खाली सहसा जात नाही, छत मात्र गोठतं. डोलकाठीच्या तारा जिथे बोल्टने आवळल्या आहेत ती जागा, पाण्याचे कॉक आणि वायरींचे जोड झाकू नयेत. ते डोळ्यांसमोर राहिले पाहिजेत.

गादीचे काळे डाग बुरशीचे आहेत. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते आणि गार फळीला लागून पाणी होते. गादीखाली हवा खेळायला एक-दोन सेंटिमीटरची पोकळी हवी. लाकडी पट्ट्या चालतात, काथ्याची जाड जाळीदार चटई चालते, त्यासाठीच बनवलेली प्लॅस्टिकची जाळीही मिळते. शिवाय रोज सकाळी गादी उभी करायची, हा नेम चुकवू नये. कपाटांची दारं रात्री किंचित उघडी ठेवायची आणि कपडे बोटीच्या भिंतीपासून दोन बोटं लांब.

एवढं झाल्यावर ओल शोषणारं यंत्र घ्यावं, पण नीट पाहून. घरगुती यंत्रांत बहुतेक कॉम्प्रेसरची असतात, आणि दहा-बारा अंशांच्या खाली त्यांच्या नळ्यांवर बर्फ धरून ती जवळजवळ काहीच पाणी काढत नाहीत. शोषक चाकाचं (डेसिकंट) यंत्र घ्यायचं. ते शून्याच्या थोडं वरपर्यंत काम करतं, आणि खाल्लेली तीनशे ते सहाशे वॅट वीज उष्णता म्हणून केबिनमध्येच परत सोडतं, म्हणजे छोट्या हीटरचं कामही होतं. त्याची निचऱ्याची नळी सिंकमध्ये सोडावी. टाकी भरून यंत्र रात्री तीनला बंद पडण्यापेक्षा हे बरं. कपाटात ठेवायच्या कॅल्शियम क्लोराईडच्या डब्या एका कपाटापुरत्या ठीक आहेत, पण बोट हलून त्यातलं पाणी सांडलं तर धातू खातं.

हीटर सगळ्यांत शेवटी. पंख्याच्या हीटरच्या तापलेल्या तारेवर पांघरूण पडायला बोटीत वेळ लागत नाही. त्याच्या जागी पाचशे ते सातशे वॅटचा तेलाचा रेडिएटर घ्यावा आणि तो फळीला दोरीने बांधावा. धक्क्यावरून येणारी केबल गुंडाळीत ठेवून वापरू नये, पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली केबल रात्रभराच्या भाराने वितळू शकते. प्लगला आठवड्यातून एकदा हात लावून पाहायला सांगा. गरम लागला किंवा तपकिरी पडला असेल तर बदलायचाच. बोटीत तीस मिलिअ‍ॅम्पिअरची विजेची गळती रोखणारी स्विच आहे ना, हेही विचारा.

शिवाजीनगरच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंशांची नोंद झाली होती, आणि पुण्यातला नीचांक म्हणून ती सांगितली जाते. साऊदॅम्पटनच्या हिवाळ्यात तसल्या रात्री नेहमीच्याच. फरक एवढाच की आपली थंडी कोरडी आणि तिची ओली. कोरड्या केबिनमध्ये पंधरा अंशांत सुखाने झोप लागते, ओल्या केबिनमध्ये वीस अंशही अंगाला लागत नाहीत.

प्रश्न : भाचा ब्रिस्टलजवळ बोटीत राहतो. हीटर नाही. संध्याकाळी गॅसची शेगडी मंद ठेवून त्यावर मातीची कुंडी पालथी घालतो, ती तापून केबिन उबदार राहते म्हणतो. हे बरोबर आहे का?
— काका, सदाशिव पेठ

उत्तर : नाही. त्याला आजच थांबवा.

बंद न्हाणीघरात गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण पुण्यात दर हिवाळ्यात वाचतो. केबिन न्हाणीघराहून फार मोठी नसते. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतं. डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं होणं या खुणा सर्दी-तापासारख्याच असल्याने माणूस औषध घेऊन झोपतो, आणि धोका तिथेच आहे. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर डोकं उतरत असेल तर संशय याच वायूचा धरावा. ज्योतीवर कुंडी किंवा तवा ठेवला की ज्योत थंड पृष्ठभागाला लागून आणखी अर्धवट जळते. कुंडी स्वतः काही उष्णता निर्माण करत नाही. जितका गॅस जळला तितकीच ऊब, कुंडी असो वा नसो.

त्यातून ओलही वाढते. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं. मेणबत्त्यांचंही तेच. एक मेणबत्ती पाऊणशे वॅटच्या आसपास ऊब देते, त्यासोबत पाणी आणि काजळी. आगीची भीती वेगळीच.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आजच मागवायला सांगा. बोटी आणि कॅरॅव्हॅनसाठीचं युरोपीय मानक ईएन ५०२९१-२ आहे, तो आकडा वेष्टनावर पाहून घ्यावा. घरासाठीचा अलार्म हादरे आणि ओल यांसाठी तपासलेला नसतो. झोपायच्या जागेजवळ, डोक्याच्या उंचीवर, शेगडीपासून एक ते तीन मीटर अंतरावर लावावा. स्वयंपाकाच्या गॅसचा अलार्म निराळा असतो आणि तो खाली, बोटीच्या तळाशी लावतात, कारण गॅस हवेपेक्षा जड असल्याने तिथे साचतो. एक दुसऱ्याचं काम करत नाही, दोन्ही हवेत.

थंडीत शेगडीच पेटत नाही अशीही तक्रार त्याची असेल. ब्युटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाला, वायू होणं थांबवतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. तिथे दोन्हींचे सिलिंडर वेगवेगळे मिळतात. हिवाळ्यात प्रोपेनचा घ्यावा आणि त्याचा रेग्युलेटर त्यालाच जुळणारा हवा.

प्रश्न : मी मूळचा औंधचा, सध्या स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर २७ फुटी बोटीत राहतो. बोट बोयाला (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणेला) बांधलेली आहे, धक्क्याची वीज नाही. दोन किलोवॅटचा डिझेल हीटर स्वतः बसवला. दुपारी चालू होतो, पण पहाटे चालू केला की पांढरा धूर सोडतो आणि पाच-सात मिनिटांत बंद पडतो. कंट्रोलर बदलून पाहिला, फरक नाही.
— एक वाचक

उत्तर : पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. डिझेल येतंय, पंखा फिरतोय, पण ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, पुरेसा लाल होत नाही. दुपारी चालतो आणि पहाटे नाही यावरून शंका सरळ व्होल्टेजवर जाते.

सुरू होताना ग्लो प्लग काही मिनिटं आठ ते दहा अ‍ॅम्पिअर ओढतो. हीटरसोबत आलेली वायर बहुधा दीड चौरस एमएमची असते. बॅटरी चार मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर वायर झाली, तिचा रोध ०.०९ ओहम. दहा अ‍ॅम्पिअरला जवळजवळ एक व्होल्ट वायरीतच जातो. पहाटे बॅटरी १२.२ वर असते, भाराखाली आणखी दबते, आणि हीटरपाशी अकराच्या आत पोहोचतं. कंट्रोलर बिचारा बरोबर वागतो, कमी व्होल्टेज पाहून बंद करतो. सहा चौरस एमएमची वायर टाका, तीच घट पाव व्होल्टच्या आत येईल. मधले चिमटीचे जोड काढून टाका आणि सलग वायर थेट बॅटरीपासून फ्यूजमधून न्या. नवी वायर टाकण्याआधी खात्री करायची असेल, तर सुरू होताना मीटर हीटरच्याच टर्मिनलवर लावून वाचा. बॅटरीवर लावलेला मीटर हा दोष दाखवत नाही.

वायर बदलूनही धूर येत असेल तर इंधनाची नळी पाहा. पंपाचं तोंड वरच्या दिशेने तिरकं हवं, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. नळी दोन मिलिमीटर आतल्या व्यासाची कडक नायलॉनची घ्यावी. सोबत येणारी मऊ हिरवी नळी दर ठोक्याला फुगते आणि इंधनाचं माप चुकवते. रबरी जोडात दोन्ही नळ्यांची टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, मधे पोकळी राहिली की तिथे हवा जमते.

तिसरं कारण काजळी. छोट्या केबिनमध्ये हीटर रात्रभर सगळ्यांत मंद चालतो, ज्वालाकक्ष पुरेसा तापत नाही आणि ग्लो प्लगच्या जाळीवर कोळसा बसतो. आठवड्यातून एकदा हॅच उघडून अर्धा तास पूर्ण जोरात चालवा. जाळी वर्षातून एकदा बदलायची, ती स्वस्त असते. बंद करताना बॅटरीचा मुख्य स्विच कधीही ओढू नका. बटण दाबल्यावर पंखा तीन ते पाच मिनिटं फिरून कक्ष थंड करतो. तो मधेच थांबला तर आतली उष्णता इलेक्ट्रॉनिक्सकडे जाते. असे हीटर अकाली मरायचं एक मोठं कारण हेच.

बसवणी स्वतः केली आहे म्हणून एक्झॉस्टबद्दल विचारतो. तो बाहेर काढणारी फिटिंग दुहेरी भिंतीची आहे ना? नळी वळणाने पाण्याच्या पातळीच्या बरीच वर उचलून मग बाहेर काढली आहे ना? बोट कलली की खालच्या भोकातून समुद्र आत येतो. सगळ्यांत खालच्या जागी निचऱ्याचं छोटं भोक लागतं, नाहीतर धुरातलं पाणी नळीत साचतं. त्या भोकातूनही धूर येतो, म्हणून ते केबिनमध्ये उघडं नको, त्याची नळी बाहेर काढा. ज्वलनाची हवा केबिनमधून न घेता बाहेरून घ्या, आणि तिचं तोंड एक्झॉस्टपासून लांब.

हिशोब सांगून ठेवतो. मध्यम जोरावर रात्रीच्या दहा तासांना दीड लिटरच्या आसपास डिझेल आणि दहा ते वीस अ‍ॅम्पिअर-तास वीज. शंभर अ‍ॅम्पिअर-तासांच्या साध्या बॅटरीतले पन्नास वापरायचे, आणि शून्याजवळ त्याचेही चाळीसच हाती येतात. म्हणजे दोन रात्री नीट जातात, तिसऱ्या रात्री चार्जिंग हवंच. तिथल्या डिसेंबरातल्या सूर्यावर भरवसा नको. लिथियम बॅटरी घेणार असाल तर शून्याखाली ती चार्ज करता येत नाही हे लक्षात ठेवून तिला केबिनच्या आत जागा द्या.

वीज अजिबात न लागणारा पर्यायही आहे, थेंबाथेंबाने डिझेल जळणारी, धुरांड्याची शेगडी. आपला जुना पाणी तापवायचा बंब जसा, तसाच ओढा: गरम धूर धुरांड्यातून वर जातो, त्यामागे नवी हवा येते, आणि ज्वलनातलं पाणीही धुराबरोबर बाहेर पडतं. आतून जळूनही केबिन कोरडी ठेवणारी ही व्यवस्था आम्हाला छोट्या बोटीसाठी फार आवडते. फक्त धुरांडं पुरेसं उंच हवं, नाहीतर जोराचा वारा धूर उलटा आत लोटतो.

प्रश्न : नातेवाईक पुढच्या आठवड्यात लंडनला जात आहेत. बोटीत राहणाऱ्या मुलासाठी २० किलोंपर्यंत सामान पाठवता येईल. गोधडी, लोकरीचे कपडे, खाऊ. काय काय द्यावं?
— आई-बाबा, सहकारनगर

उत्तर : गोधडी मनाने पाठवावीशी वाटेल, पण पाठवू नका. जुन्या सुती साड्यांची ती, ओल शोषते आणि बोटीत वाळत नाही. महिन्याभरात कुबट वास येईल. घोंगडी मात्र जरूर द्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत वाफ शोषूनही ओली लागत नाही. टोचते म्हणून पांघरायला नको असेल तर गादीवर, चादरीखाली अंथरायची. बोटीत थंडी वरून जितकी लागते तितकीच खालून, कारण दाबलेल्या गादीत हवा उरत नाही.

थर्मल घेताना लेबल वाचा. सुती असेल तर ठेवून द्या, पॉलिस्टर किंवा लोकरीचा घ्या. मोजे एकावर एक दोन घालायचे असतील तर बाहेरचा एक माप मोठा. घट्ट मोज्यात रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. कानटोपी द्या, ती रात्री उपयोगाची आहे.

तीन लिटरचा प्रेशर कुकर पाठवा. हे आम्ही अगदी आग्रहाने सांगतो. खिचडी-भाताला उघड्या पातेल्यातून जी वाफ केबिनभर होते ती कुकरमध्ये कोंडलेली राहते, आणि एक शिट्टी झाली की गॅस बंद करून दहा मिनिटं तसाच ठेवला तर डाळ-तांदूळ आतल्या उष्णतेवर शिजतात. गॅस कमी, पाणी कमी. कुकर हॅचखाली ठेवून मगच झाकण काढायचं. लिटरभराचा स्टीलचा थर्मास त्याला जोड. सकाळी एकदाच पाणी उकळलं की दिवसाचा चहा होतो. रबरी गरम पाण्याची पिशवी दोन-तृतीयांश भरायची, उकळतं पाणी ओतायचं नाही, आतली हवा दाबून काढायची, आणि झोपायच्या आधी अर्धा तास पांघरुणात ठेवायची. डिंकाचे लाडू चालतील. झोपण्यापूर्वी पोटात तूप-साखरेचं काही असलं की शरीर रात्री स्वतःला तापवतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण थंडीपेक्षा तिची काळजी आम्हाला जास्त वाटते. धक्क्यावर पहाटे बर्फाचा पातळ थर असतो आणि माणूस घसरून पाण्यात पडतो. तिथल्या हिवाळी पाण्यात पहिलं मिनिट श्वासावर ताबा मिळवण्यात जातं, त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला तासभर. म्हणजे थंडीने गारठून जाण्याच्या कितीतरी आधी, शिडी चढता न आल्याने माणूस बुडतो. मुलाला सांगा : रात्री एकटा असताना धक्क्यावरही लाईफ जॅकेट, बोटीची शिडी पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता येईल अशी बांधलेली, आणि जवळची धक्क्याची शिडी कुठे आहे ते उजेडात पाहून ठेवायचं. पडल्यावर लगेच पोहायची धडपड करू नये. पाठीवर तरंगत श्वास जागेवर येऊ द्यावा, मग शिडीकडे जावं.

प्रश्न : आम्ही दोघं हा हिवाळा अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या कालव्यात छोट्या बोटीवर काढणार आहोत. समुद्रापेक्षा वेगळं काय?
— बाणेर

उत्तर : पाणी गोडं आहे हेच वेगळं. समुद्र उणे १.८ अंशांना गोठतो, कालवा शून्यालाच. त्यामुळे तुमच्या बोटीचा पाण्याखालचा भागही समुद्रातल्यापेक्षा गार असेल. इंजिनाचं थंड करायचं पाणी बाहेरून घेतलं जात असेल तर कडाक्याच्या आधी कॉक बंद करून, गाळणीतून प्रोपिलीन ग्लायकोलचं मिश्रण ओढून घ्या, मागून रंगीत पाणी बाहेर येईपर्यंत. गाडीतलं इथिलीन ग्लायकोल विषारी आहे, ते कालव्यात सोडायचं नाही. धक्क्यावरचे नळ गोठण्याआधीच बंद केले जातात, म्हणून दहा लिटरचे दोन कॅन आणि हातगाडी आधीच घ्या. पिण्याच्या पाण्याच्या नळ्या बाकड्यांखालून जात असतील तर रात्री त्या कप्प्यांची झाकणं उघडी ठेवा, केबिनची ऊब तिथे पोहोचते. बर्फ पडला की कॉकपिटची निचऱ्याची भोकं आधी मोकळी करायची, मग डेक.

प्रश्न : पानशेतच्या पाण्यात सोळा फुटी उघड्या शिडाच्या होडीत डिसेंबरात एक रात्र काढायची आहे. परवानगीची सोय झाली आहे. बूमवर (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर) ताडपत्री टाकून झोपलो तर पुरेल?
— दोन मित्र, वारजे

उत्तर : एक ताडपत्री पुरणार नाही. निरभ्र रात्री ती आकाशाकडे उष्णता सोडून आसपासच्या हवेपेक्षाही गार पडते, आणि पहाटे तिच्या आतून दव टपकतं. तिच्याखाली हातभर अंतर सोडून दुसरं, सुती किंवा विणीचं कापड ताणा. थेंब त्यावर झिरपतील, अंगावर येणार नाहीत. दोन्ही टोकं उघडीच ठेवा.

होडी काठाला लावून झोपू नका. डोंगरउतारावरून गार हवा रात्री खाली घसरते आणि ओढ्याच्या तोंडाशी, काठालगत साचते. डिसेंबरात धरणाचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं, म्हणूनच सकाळी त्यावर धुकं दिसतं. काठापासून पन्नास-साठ मीटर आत नांगर टाकलात तर ती ऊब तुम्हाला मिळेल. नांगराचा दोर खोलीच्या किमान पाचपट सोडा, आणि रात्री वारा फिरला तरी होडी काठावर जाणार नाही एवढी मोकळी जागा चहूबाजूंनी राखा.

तळफळ्यांवर दहा मिलिमीटरच्या फोमच्या चटया दोन-दोन, त्यावर घोंगडी, वर स्लीपिंग बॅग. दिवसभर शीड हाताळताना भिजलेले कपडे अंगावर ठेवून झोपायचं नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत बांधून ठेवा आणि झोपेपर्यंत ती पिशवी उघडू नका. लघवीला रात्री होडीच्या कडेवर उभं राहायचं नाही, रुंद तोंडाची बाटली होडीत ठेवा. एवढ्या लहान होडीत एकजण अंधारात उठून एका बाजूला उभा राहिला की होडी कलते आणि झोपलेला दुसराही पाण्यात जातो. लाईफ जॅकेट उशाला न ठेवता अंगात घालूनच झोपा, फोमचं असेल तर छातीला ऊबही देतं.